शिक्षापुस्तकातला बचावाचा रकाना

कार्तिकी एकादशीला खालापूर तालुक्यातल्या साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा सुरू होते. विठोबाचं दर्शन घ्यायचं आणि येताना सुके बोंबील बांधून आणायचे, यात खालापूरकरांना काहीच वावगं वाटत नाही. समजा, एखाद्या आईने त्यातलेच चार बोंबील खरपूस भाजून, खटला चालू असलेल्या आपल्या मुलासाठी तुरुंगात नेले. चालतील का?

कायद्याने वाट आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ३१ कच्च्या कैद्याला बाहेरचं अन्न घेऊ देतं. मात्र डबा तपासला जातो आणि तुरुंगाचे नियम आड येऊ शकतात. खरी गंमत कलम ३२ मध्ये आहे. त्यातला एक बोंबील मुलाने बराकीतल्या सोबत्याला दिला, तर ही सवलत अधीक्षकाला वाटेल तितके दिवस बंद! वाटून खाणाऱ्यालाच शिक्षा, असा हा कायदा.

तुरुंगातल्या अपराधांची यादी कलम ४५ मध्ये आहे. हुकूम न पाळणं, मारामारी, शिवीगाळ, कामात आळस, बंदी असलेली वस्तू जवळ बाळगणं हे समजू शकतं. पण आजारपणाचं सोंग आणि अधिकाऱ्यावर खोटा आरोप हेही त्याच यादीत आहेत. पोटात खरंच दुखतंय की सोंग आहे, हे आधी ठरवणार तुरुंगच. शिपायाने मारलं म्हणून तक्रार करावी आणि ती मुद्दाम केलेली खोटी तक्रार ठरवली गेली तर? तक्रारदारच आरोपी. माझ्या मते सगळ्या यादीत हे कलम सर्वांत धारदार आहे, कारण ते माणसाला तोंड उघडण्याआधीच गप्प करतं.

चौकशी अधीक्षकाची, निकालही त्याचाच. शिक्षा साध्या ताकिदीपासून बेड्या आणि एकांत कोठडीपर्यंत. मूळ कायद्यात तीस फटक्यांपर्यंतही. प्रत्येक शिक्षेची नोंद शिक्षापुस्तकात होते. गंभीर अपराध असेल तर साक्षीदारांची नावं लिहायची. पण कैद्याचा बचाव आणि निकालाची कारणं लिहिण्याची सक्ती कलम ५१ ने फक्त फटक्यांच्या शिक्षेपुरतीच केली. बाकीच्या वेळी तो काय म्हणाला, याला पुस्तकात जागाच नाही.

या कारभाराला चाप बसला तो एका पत्राने. तिहारमधल्या सुनील बात्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयाने पत्रालाच अर्ज मानलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये बजावलं: एकांत कोठडी, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणं, यांतलं काहीही सत्र न्यायाधीशाच्या नजरेखालून गेल्याशिवाय करायचं नाही. तातडीच असेल तर दोन दिवसांत कळवायचं. म्हणजे तळोज्याच्या किंवा अलिबागच्या हिराकोट तुरुंगातल्या कैद्यालाही अधीक्षकाच्या वर दाद मागायला जागा आहे.

त्याच्याही आधी एका मराठी पुस्तकाने वाट काढून दिली होती. प्रभाकर संझगिरी १९६२ पासून मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बायकोकडे पाठवू द्या, ही विनंती सरकारने नाकारली. सरकारचं म्हणणं असं की स्थानबद्धाला नियमांनी दिले तेवढेच हक्क, आणि पुस्तक पाठवण्याचा हक्क त्यांत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ते उलटं वाचलं: नियमांनी जे बंद केलेलं नाही, ते अडवता येत नाही. संझगिरींचं हस्तलिखित बाहेर आलं. तरीही तळोज्याच्या तुरुंगात कार्यकर्ते गौतम नवलखांना इंग्रज लेखक वुडहाऊसचं विनोदी पुस्तक सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं गेलं; २०२२ मध्ये हे ऐकून मुंबई उच्च न्यायालयाने ते हास्यास्पद म्हटलं!

बोंबील घेऊन निघालेल्या आईला एवढे निवाडे पाठ असायची गरज नाही. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला हा हक्क आहे. तिने १५१०० हा नंबर फिरवावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. मुलाला तुरुंगात शिक्षा झाली असेल, तर वकिलाने पहिली मागणी करावी ती शिक्षापुस्तकाच्या त्या पानाच्या नकलेची.