निर्मनुष्य गलबताचें गूढ

भर समुद्रांत निर्मनुष्य सांपडलेलीं जहाजें पुष्कळ आहेत. परंतु 'मेरी सेलेस्ट' या अमेरिकन गलबताइतकी ख्याति दुसऱ्या कोणासही लाभली नाहीं. ४ डिसेंबर १८७२ रोजीं अझोर्स बेटें व पोर्तुगाल यांच्या दरम्यान 'देइ ग्राशिया' या जहाजावरील लोकांना तें वेडेंवांकडें जातांना दिसलें. डेव्हो नांवाचा अधिकारी होडींतून जाऊन त्यावर चढला, तों तेथें चिटपांखरूंही नव्हतें.

कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची पत्नी, दोन वर्षांची मुलगी व सात खलाशी अशीं दहा माणसें ७ नोव्हेंबर रोजीं न्यूयॉर्कहून इटलींतील जेनोव्हाकडे निघालीं होतीं. त्यांपैकीं एकाचाही ठावठिकाणा पुढें लागला नाहीं.

लोकांनीं या हकीकतीस तिखटमीठ लावलें. मेजावर चहा ऊन होता, होडी जागच्या जागीं होती, असें सांगण्यांत येऊं लागलें. १८८४ सालच्या कॉनन डॉइलच्या कल्पित कथेनें या समजास बळ दिलें.

वस्तुस्थिति निराळी होती. होडी गेली होती. तिच्याबरोबर नौकानयनाचीं यंत्रें व जहाजाचे कागदही गेले होते. खलाशांचे कपडे, चिलमी व सहा महिन्यांचें अन्नपाणी मात्र जागेवरच होतें. अर्थात् ही लूट नव्हे. माणसें घाईनें, पण आपण होऊन उतरलीं. शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, सांता मारिया बेटाजवळची होती.

मग तीं उतरलीं कां? गलबतावर औद्योगिक मद्यार्काचीं १७०१ पिंपें होतीं. पैकीं नऊ पुढें रिकामीं आढळलीं. मद्यार्काची वाफ पेटेल, असें भय कप्तानास वाटलें असावें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआ सेला यांनीं २००६ मध्यें प्रतिकृतींत वायु पेटवून दाखविलें कीं, असा भडका मागें काजळीही न ठेवतां विझूं शकतो. दुसरें असें कीं, एक पंप उघडलेला होता व तळांत साडेतीन फूट पाणी होतें. गलबत बुडत असल्याचा भ्रमही झाला असेल. दोहों पक्षीं जमीन जवळ आहे असें पाहून होडी सोडली गेली, आणि वारा लागतांच गलबत पुढें निघून गेलें, असेंच मानावें लागतें.

जिब्राल्टरच्या न्यायालयांत सरकारी वकील सॉली-फ्लड यांनीं खुनाचा संशय घेतला. पुरावा मिळाला नाहीं. तरी निरपराध माणसांच्या नांवास तो डाग कित्येक वर्षें चिकटून राहिला.

सोडून दिलेलें गलबत मात्र आणखी बारा वर्षें चाललें. जानेवारी १८८५ मध्यें विम्याच्या पैशांसाठीं दुसऱ्या एका कप्तानानें तें हैतीजवळच्या खडकावर मुद्दाम घातलें. ब्रिग्जला ज्याचें भय वाटलें तें गलबत तरलें. ज्या होडीवर त्यानें भरंवसा ठेवला, ती कुठेंच पोहोंचली नाहीं.