काटा एक, माणसे दोन

अमेरिकेत २०१७-१८ साली दर १०० प्रौढांमागे ४२ जण लठ्ठ भरले. जपानात हेच प्रमाण जेमतेम चार-पाच. असले आकडे वाचले की आपल्याला उगीच बरे वाटते, आणि हात फराळाच्या ताटाकडे वळतो.

पण हा हिशेब होतो कसा? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उत्तर ३० किंवा त्याहून अधिक आले की माणूस लठ्ठ! अंगात हाड किती आणि चरबी किती, हे त्या बिचाऱ्या भागाकाराला काय कळणार?

पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःलाच मोजून पाहिले. दोघांचेही उत्तर २२.३, चारचौघांत दोघेही सडपातळच. चरबी मात्र युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’ने ही जोडगोळी छापली. दिसायला काटकुळा असा आपला माणूस मधुमेहाला लवकर सापडतो, त्याचे एक कारण ही लपलेली चरबी. आशियाई लोकांनी २३ पासूनच सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी सुचवले.

परवा मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उत्तर आले २४. सौभाग्यवतींनी ते खांद्यावरून वाचले, आणि अनारशांचा डबा वरच्या फळीवर गेला.