गुळातला ‘ळ’ आणि पोलंडचे दहा

ठाणे जिल्ह्यातल्या शीळफाट्याच्या आसपास, डायघर, पडले, खिडकाळी अशा गावांतल्या जुन्या आगरी घरांत ‘डोळा’चा ‘डोला’, ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘गूळ’चा ‘गूल’ ऐकू येतो. आजूबाजूच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना ही बिघडलेली मराठी वाटते. मालिकांमधले आगरी पात्र बहुधा हशा पिकवायलाच येत असल्याने तो समज आणखी पक्का होतो. याच जातीचा दुसरा समज सुशिक्षितांत अभिमानाने सांगितला जातो: रशियन, पोलिश या स्लाव्ह भाषा संस्कृतातून निघाल्या. दोन्हीकडे चूक एकच आहे. दोन शब्द सारखे दिसले की त्यांतल्या मानाच्या शब्दाला आई ठरवायचे आणि दुसऱ्याला तिचे बिघडलेले लेकरू.

सारखेपणा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. रशियनमध्ये दिराला ‘द्येवेर’ आणि सुनेला ‘स्नोखा’ म्हणतात. संस्कृतात ‘देवर’ आणि ‘स्नुषा’ आहेत, आणि त्यांतूनच प्राकृताच्या वाटेने आपले दीर व सून आले. असे नात्यांचे शब्द एखादी भाषा सहसा उसने घेत नाही, म्हणजे संबंध रक्ताचाच. पण तो आई-लेकीचा की बहिणींचा, हे ‘दहा’ या आकड्यावर तपासता येते. संस्कृत ‘दश’मध्ये अनुनासिक नाही. पोलिश ‘जेशेंच’मध्ये आहे, आणि लॅटिन ‘देकेम’मध्ये त्याच जागी ‘म’ आहे. पोलिश संस्कृतातून आली असती, तर आईकडे नसलेले अनुनासिक तिने कुठून आणले, आणि तेही नेमके लॅटिनच्याच जागी? स्वरांचेही तसेच. संस्कृत ‘अस्ति’, ग्रीक ‘एस्ति’, लॅटिन ‘एस्त’, रशियन ‘येस्त’. संस्कृतात जुने अ, ए, ओ हे तीन स्वर एका ‘अ’मध्ये मिसळून गेले. एकदा मिसळलेले स्वर पुन्हा बिनचूक वेगळे करणे कुठल्याही लेकीला शक्य नाही. म्हणून या साऱ्या एका जुन्या, लेखी पुरावा न राहिलेल्या भाषेच्या मुली ठरतात. असे समान मूळ कदाचित आता अस्तित्वातही नसेल, हा अंदाज संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडला होता.

यावर कोणी म्हणेल, ऋग्वेद किती जुना, आणि स्लाव्ह लेखन तर सिरिल व मेथोडियस या भावांच्या कामापासून, म्हणजे नवव्या शतकात सुरू झाले, मग संस्कृतच आई. मुद्दा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. लिखाण उशिरा सुरू झाले म्हणजे भाषा उशिरा जन्मली असे होत नाही. नाहीतर लिपी नसलेली प्रत्येक बोली कालची ठरेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संस्कृत ‘शत’ आणि रशियन ‘स्तो’ जवळचे, लॅटिन ‘केन्तुम’ मात्र दूरचे, मग संस्कृत-स्लाव्ह नाते खास नाही का? काही अंशी आहे. जुन्या ‘क’च्या एका प्रकाराचा श-स होणे हा बदल दोन्ही शाखांत दिसतो. पण दोन बहिणींची एखादी लकब सारखी असली म्हणून त्यांतली एक दुसरीची आई होत नाही.

आता आगरी बोलीकडे. तिचे ‘फल’ संस्कृत ‘फल’शी तंतोतंत जुळते, आणि पुस्तकी मराठीचे ‘फळ’ जुळत नाही. तेव्हा आगरीच शुद्ध, असे उलटे म्हणण्याचा मोह होतो. तो गूळच मोडतो. संस्कृतात ‘गुड’ आहे, तिथे ‘ल’ नाहीच. हिंदीने ‘फल’मध्ये ‘ल’ राखला, पण ‘गुड़’मधल्या ‘ड़’चा ‘ल’ केला नाही. मराठीत मात्र स्वरांमधला एकटा ‘ल’ आणि ‘ड’, दोन्ही ‘ळ’मध्ये आले. आगरीत ‘फल’ आणि ‘गूल’ दोन्हींत ‘ल’ आहे, म्हणजे ‘ळ’चा टप्पा तीही ओलांडून आली आणि मग तो ‘ळ’ ‘ल’मध्ये मिसळला. ध्वनी मिसळणे किंवा गळणे हा बिघाडच मानायचा, तर ‘देवर’चा ‘दीर’ करणाऱ्या पुण्याच्या मराठीलाही तोच दोष द्यावा लागेल.