कोणत्या राजाचा असिरियन सैनिक?

१९९७ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकीय खेळात असिरियन होते. त्यांचे तिरंदाज इतरांपेक्षा झपाट्याने बाण सोडत, ही त्यांची खासियत. पण पडद्यावरचा तिरंदाज इजिप्तचा, ग्रीसचा की असिरियाचा, हे नुसतं पाहून सांगता येत नसे. सगळ्यांचा पोशाख एक, अंगकाठी एक. फरक काय तो खेळाडूच्या रंगाचा. त्या काळच्या संगणकांना तेवढंच झेपत होतं. आज सैनिकाच्या बुटाची नाडीसुद्धा दाखवता येते आणि म्हणूनच चित्रकाराची जबाबदारी वाढली आहे. नाडी दाखवायची तर ती कोणाच्या बुटाची, हे त्याला ठरवावं लागतं. ‘असिरियन सैनिक’ नावाचा एकच नमुना कधी नव्हता, असं माझं ठाम मत आहे. अमुक राजाच्या कारकिर्दीतला, अमुक मुलखातून आलेला, अमुक पथकातला सैनिक होता. या तीन गोष्टी ठरण्याआधी काढलेलं चित्र कितीही देखणं असो, ते कोणत्याच काळाचं नसतं.

आधी राजाचं पाहू. नव-असिरियन साम्राज्याचा काळ इ.स.पू. ९११ ते ६०९, म्हणजे तीनशे वर्षांचा. एवढ्या अवधीत सैन्य किती बदललं, हे घोडेस्वारांवरून लख्ख दिसतं. दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३–८५९) याच्या निमरुद शहरातल्या राजवाड्याच्या शिलापट्टांवर स्वार जोडीने दौडतात. एक जण बाण सोडतो आणि दुसरा दोन्ही घोड्यांचे लगाम सांभाळतो. रिकीब तेव्हा माहीत नव्हती, त्यामुळे दोन्ही हात धनुष्यात गुंतले की घोडा आवरणार कोण, या प्रश्नावर त्यांनी काढलेला हा तोडगा होता. रथावरचा धनुर्धर आणि सारथी जणू घोड्यांच्या पाठीवर येऊन बसले, आणि रथ तेवढा वजा झाला. दोनशे वर्षांनी अशुरबनिपालाच्या शिल्पांत प्रत्येक स्वार आपला घोडा आपणच हाकतो आणि घोड्यांच्या अंगावरही संरक्षक झूल दिसते. याच काळात रथ उलट अवजड होत गेला. सहा आऱ्यांच्या चाकांची जागा माणसाच्या उंचीला भिडणाऱ्या आठ आऱ्यांच्या चाकांनी घेतली आणि आत चार माणसं उभी राहू लागली. घोट्यापर्यंत लोंबणारं खवल्यांचं चिलखत आधीच्या काळातलं, कमरेपर्यंतचं आखूड चिलखत आणि नाडीने आवळलेले उंच बूट नंतरचे. ही सरमिसळ एकाच सैनिकाच्या अंगावर झाली की चूक पकडायला तज्ज्ञ लागत नाही. ‘टोटल वॉर: फेरो’च्या २०२४ मधल्या ‘डायनॅस्टीज’ आवृत्तीत असिरिया आला, पण त्या खेळाचा काळ इ.स.पू. १२०० च्या आसपासचा. निमरुदची शिल्पं त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी कोरली गेली, तेव्हा त्या खेळासाठी ती थेट पुरावा म्हणून चालत नाहीत.

इथे रास्त आक्षेप येतो. ही शिल्पं राजाची जाहिरात आहेत. त्यांत शत्रू धडाधड पडतात, असिरियन मात्र मरताना जवळजवळ दिसतच नाही. अशा साक्षीदारावर विश्वास कसा ठेवायचा? माझं उत्तर असं, की जाहिरात युद्धाच्या निकालाबद्दल खोटं बोलते, ढालीच्या विणीबद्दल खोटं बोलून तिला काही मिळत नाही. हे पट्ट ज्या दरबाऱ्यांसमोर होते त्यांना लष्करी सामान रोज पाहून ठाऊक होतं. शिवाय ही साक्ष जमिनीतल्या पुराव्याशी ताडून पाहता येते. असिरियन राजा सन्हेरीबने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदाचं लाखीश शहर घेतलं आणि निनवेच्या राजवाड्यात एक अख्खं दालन त्या वेढ्याच्या शिल्पांनी भरलं. ते पट्ट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटावर चढवलेला मातीदगडांचा उतार आहे, गोफणदार आहेत, तुरा असलेली शिरस्त्राणं आहेत. लाखीशच्या उत्खननात तो उतार सापडला, शेकडो बाणांची टोकं आणि गोफणीचे दगड सापडले, शिरस्त्राणाच्या तुऱ्याचा ब्राँझचा भागही मिळाला. त्या दालनातला एक बारकावा तर डोळ्यांपुढून हलत नाही. तट फोडणाऱ्या लाकडी यंत्रात बसलेला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने यंत्रावर पाणी ओततो आहे, कारण वरून पेटते पलिते पडत आहेत. राजाची थोरवी वाढवायला या पळीचा काय उपयोग? ती तिथे आहे, कारण वेढ्यात ती असायची.

तरीही दगड सगळं सांगत नाही. चिलखताचे खवले कोरलेले दिसतात, पण ते कशाचे? निमरुदच्या लष्करी कोठारात लोखंडाचे आणि ब्राँझचे खवले मिळाले आहेत. दुसरीकडे, वायव्य चीनमधल्या यांगहाई इथल्या एका थडग्यात चामड्याचं चिलखत निघालं. त्यात ५,४४४ लहान आणि १४० मोठे खवले आहेत, आणि कार्बन कालमापनाने त्याचा काळ इ.स.पू. ७८६ ते ५४३ असा ठरला. २०२१ मध्ये संशोधकांनी त्याचं नातं असिरियन लष्करी कारागिरीशी जोडलं. हे नातं मान्य केलं, तर दगडातला प्रत्येक खवला धातूचा मानणं घाईचं ठरतं, आणि चित्रकाराने सरसकट चकाकणारं पोलाद रंगवणं त्याहून घाईचं. रंगांचंही तसंच. शिल्पांवरचा मूळ रंग बहुतांश उडाला आहे. तो शोधायचा तर युफ्रेटिसकाठच्या तिल बार्सिपमधल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला पाहाव्या लागतात. तिथे निळा आणि तांबडा रंग भरभरून येतो. सैनिकांना मातकट तपकिरी कपडे चढवण्याची सवय त्या पुराव्यापुढे टिकत नाही. दगडातलं बारीक काम प्रत्यक्ष पाहायला लंडनच गाठायला हवं असं नाही. त्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे विलायतेला जात, आणि निमरुदचे काही पट्ट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत.

आता मुलूख. माझ्या मते खेळ बनवणारे सर्वात कमी लक्ष देतात ते इथे. दुसऱ्या सारगोनच्या काळात माझामुआ प्रांताच्या सुभेदाराने राजाला फौजेची हजेरी कळवली, ती मातीच्या पाटीवर आजही वाचता येते. त्यात ६३० असिरियन, ३६० गुर्रीय आणि ४४० इतुई, एकूण १,४३० माणसं आहेत. असिरियाच्या या फौजेत निम्म्याहून जास्त लोक असिरियन नव्हते! इतुई हे अरामी टोळीतले; अभ्यासकांच्या मांडणीनुसार हलके तिरंदाज म्हणजे इतुई आणि तुऱ्याच्या शिरस्त्राणातले भालाईत म्हणजे गुर्रीय. शिवाय जिंकलेल्या इस्राएलच्या शमरोन शहराचे रथीही सारगोनच्या फौजेत स्वतंत्र पथक म्हणून नोंदलेले आहेत. त्या ६३० ‘असिरियनां’तही सगळे लढवय्ये नाहीत. मोतद्दार आहेत, १२ शिंपी, १० आचारी आणि ७ भटारी आहेत. शंकूसारखं टोकदार शिरस्त्राण घातलेल्या, कुरळ्या दाढीच्या एकसारख्या पुतळ्यांची रांग उभी केली, की हे सगळं राज्य पुसलं जातं. दाढीही सर्वांना नको. शिल्पांत बिनदाढीचे अधिकारी ठिकठिकाणी आहेत, आणि ते बहुधा राजसेवेतले खोजे असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

राहिलं पथक. त्यावर खेळ बनवणारे म्हणतील, वरून पाहताना सैनिक नखाएवढा दिसतो. खेळाडूला क्षणात ओळख पटली पाहिजे, इतुई आणि गुर्रीय यांच्यातला फरक त्याने कधी पाहायचा? अडचण खरी आहे, पण असिरियन शिल्पकारालाही हीच अडचण होती. त्यालाही गर्दीतला माणूस कोणत्या पथकाचा हे बघणाऱ्याला चटकन कळवायचं होतं, आणि त्याने ते बाह्याकृतीवरून साधलं. टोकदार शिरस्त्राण एकाचं, तुरा दुसऱ्याचा, उघडं डोकं आणि कपाळपट्टी तिसऱ्याची. धनुर्धराला झाकणारी माणसाहून उंच, वरच्या टोकाला आत वळलेली वेताची ढाल तर कितीही दुरून ओळखू येते. अचूकपणा आणि सुटसुटीतपणा यांचं भांडण इथे नाहीच. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ते मिटवून ठेवलेलं आहे.

अचूकपणामुळे खेळातली मजा जाते, हा दुसरा आक्षेप मला त्याहून कच्चा वाटतो. ‘सिव्हिलायझेशन ५’च्या २०१३ मधल्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आवृत्तीत असिरियाचं खास दल म्हणून वेढ्याचा फिरता मनोरा निवडला, आणि असिरियाची खेळण्याची तऱ्हाच त्यावरून ठरली. इतिहासातून उचललेल्या एका गोष्टीने एवढं होतं, तर फौजेच्या हजेरीतून बरंच काही उभं राहील. समजा, खेळ इ.स.पू. ७०१ चा आहे. जिंकलेल्या प्रत्येक प्रांतातून तिथली हत्यारं आणि तिथला वेश घेऊन एक पथक मिळावं, ते असिरियन छावणीत भरती व्हावं, आणि आचारी-भटारी मागे राहिले तर त्याची चाल मंदावावी. तट फोडणाऱ्या यंत्रात पळी घेतलेला माणूस असेल तोवर ते पेटू नये. तो पडला की पेटावं. लढाई संपल्यावर आकडे दाखवायला दोन कारकून पुढे यावेत, एकाच्या हातात कीलाकार लिपीची पाटी, दुसऱ्याच्या हातात अरामी लिहिण्याचं चामडं. शिल्पांत ते अगदी असेच शेजारी शेजारी उभे राहून लूट मोजत आहेत.