उचलून नेता येणारे इस्पितळ

क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिक गोळीने कमी आणि ताप-हगवणीने जास्त मरत होते. इस्तंबूलसमोरच्या स्कुतारीत त्यांचे इस्पितळ होते ते तुर्की सैन्याच्या एका अवाढव्य बराकीत. खाली तुंबलेली गटारे, वर एकमेकींना खेटलेल्या खाटा. फेब्रुवारी 1855 मध्ये तिथल्या दर शंभर रुग्णांतले चाळीसहून अधिक दगावले. त्याच महिन्यात लंडनच्या युद्धखात्यातून इसंबार्ड किंगडम ब्रुनेल या अभियंत्याला विचारणा झाली : जहाजातून नेऊन परमुलखात उभारता येईल असे इस्पितळ आखून द्याल का?

ब्रुनेलने रेल्वेमार्ग, पूल आणि जहाजे बांधली होती, इस्पितळ कधीच नाही. कदाचित म्हणूनच त्याला एक मोठी इमारत सुचली नाही. त्याने एकच लाकडी घटक आखला : पन्नास खाटा, दोन दालने, परिचारिकांची खोली, न्हाणीघर आणि शौचकूप. प्रत्येक घटक आपल्यापुरता पूर्ण. असे हवे तितके घटक एका लांब, छप्पर असलेल्या वाटेच्या दोन्ही अंगांना जोडत जायचे. जमीन चढ-उताराची असो की वाकडी, मांडणी तिच्याप्रमाणे बदलायची. दोन माणसांना उचलता येणार नाही असा एकही तुकडा नको, हा त्याचा दंडक होता.

तपशिलांत तर हा माणूस रमलाच. छपरावर उन्हाचा ताप परतवणारा चकचकीत पत्रा, भिंतींना पांढरा रंग, जमिनीखालून ताजी हवा आत ढकलणारा माणसांनी फिरवायचा पंखा. स्वयंपाकघर आणि धुलाईघर मात्र लोखंडी, कारण लाकूड पेटते. सांडपाण्याचे लाकडी नळही त्याच जहाजांत चढले. माल रवाना होण्याआधी लंडनला पॅडिंग्टनच्या रेल्वे आवारात एक वॉर्ड प्रत्यक्ष उभारून पाहिला गेला.

दार्दनेल्सच्या आशियाई काठावर रेंकिओई इथली जागा डॉ. एडमंड पार्क्स यांनी निवडली आणि उभारणी अभियंता जॉन ब्रंटनने केली. मे 1855 मध्ये काम सुरू झाले, ऑक्टोबरात रुग्ण आले. सुमारे 1,300 जणांवर उपचार झाले, पन्नासच्या आसपास दगावले. स्कुतारीशी याची थेट तुलना करणे अन्यायाचे ठरेल. तोवर रशियाचे वेढलेले बंदर सेवास्तोपोल पडून लढाई ओसरली होती आणि स्कुतारीतल्या गटारांचीही साफसफाई झाली होती. तरीही उजेड, वारा आणि वाहते सांडपाणी यांचे श्रेय रेंकिओईकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

जुलै 1856 मध्ये इस्पितळ बंद झाले आणि ते तुर्की सरकारला विकण्यात आले. युद्ध संपल्यावरही त्या मालाला गिऱ्हाईक मिळाले.

ब्रंटन पुढे हिंदुस्थानात आला आणि सिंध रेल्वेचा मुख्य अभियंता झाला. कराचीहून कोटरीला जाणारा तो मार्ग 1861 मध्ये सुरू झाला. त्याचा भाऊ विल्यम लाहोर-मुलतान मार्गावर होता, आणि त्या रुळांखाली हडप्पाच्या विटा खडी म्हणून गेल्या. जुने साहित्य पुन्हा वापरणे प्रत्येक वेळी पुण्याचे काम नसते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. सुटे व्हावे म्हणूनच जोडलेले सोडवणे वेगळे आणि उभे असलेले उकरून नेणे वेगळे.

सुटे करण्याची ही विद्या नंतर जर्मनीत फळली. 1885 मध्ये अँटवर्पला रेडक्रॉसने फिरत्या इस्पितळ-बराकीची स्पर्धा घेतली आणि डेकर नावाच्या बराकीला पारितोषिक मिळाले. ती बनवणाऱ्या क्रिस्टोफ उंड उनमाक या जर्मन कारखान्याने पुढे त्याच कसबावर लाकडी घरे बांधली. जर्मनीतल्या कापुथ गावी आइनस्टाइन यांचे उन्हाळी घर 1929 मध्ये उभे राहिले, तेही याच कारखान्याचे.

घाईने इस्पितळ उभारण्याची वेळ आपल्याकडेही आली. मुंबईत मे 2020 मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मैदानावर 1,008 खाटांचे जम्बो कोविड केंद्र उभे राहिले. सांगाड्यावर ताणलेले आच्छादन, आत ओळीने खाटा. त्या वेगाने कितीतरी जीव वाचले. पण जूनमध्ये निसर्ग आणि पुढच्या वर्षी तौक्ते चक्रीवादळ आले, तेव्हा रुग्णांनाच दुसरीकडे हलवावे लागले. केंद्र उतरवल्यावर मैदान बुलेट ट्रेनच्या स्थानकासाठी गेले.

म्हणून अशा केंद्राच्या निविदेत खाटांच्या संख्येइतकेच आणखी काही प्रश्न ठळक हवेत. हा सांगाडा कोणत्या वाऱ्यापर्यंत टिकेल? किती वेळा सोडून जोडता येईल? मधल्या काळात त्यात शाळेचा वर्ग भरेल की लसीकरण? सर्वांत अवघड भाग जमिनीखालचा. मलवाहिनी आणि पाण्याची जोडणी ट्रकवर घालून नेता येत नाही. ग्रामीण रुग्णालयांच्या आवारात जोते, सांडपाण्याची वाट आणि ऑक्सिजनच्या नळ्या आधीच करून ठेवल्या, तर जिल्ह्याच्या गोदामात सुटे करून ठेवलेले वॉर्ड हवे तिथे पोहोचतील, आणि दर पावसाळ्याआधी त्यातला एखादा उभारून पाहताही येईल.