साध्या सर्दीने दमा का उसळतो?

घरात एकाला सर्दी झाली की दोन-चार दिवसांत सगळ्यांना होते. बाकीचे आठवडाभरात बरे होतात. पण ज्या लेकराला धुळीची ॲलर्जी आणि दमा आहे, त्याची छाती रात्री वाजू लागते, धाप लागते. सर्दी तीच, मग त्रास वेगळा का?

इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ९ ते ११ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. दम्याचा त्रास वाढला त्यापैकी सुमारे ८० टक्के वेळा मुलांमध्ये श्वसनाचे विषाणू सापडले. त्यांत सर्वाधिक होता सर्दीचा नेहमीचा ऱ्हायनोव्हायरस.

ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला आधीपासूनच सूज असते. विषाणू या अस्तराच्या पेशींत शिरला की त्या धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. टीएसएलपी, आयएल-२५ आणि आयएल-३३ ही त्यांची नावे. ॲलर्जीच्या वेळी ज्या पेशी चेकाळतात, त्याच पेशी या संदेशांनीही जाग्या होतात. मग आयएल-५ मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, तर आयएल-१३ मुळे चिकट कफ वाढतो. सूज वाढते आणि नळी आवळते. शिवाय जखमी अस्तरातून धूळ-परागकण अधिक आत शिरतात. म्हणजे आगीत तेलच!

दुसरी बाजूही आहे. विषाणूशी लढणारे इंटरफेरॉन दम्याच्या अनेक रुग्णांत कमी किंवा उशिरा तयार होते. ॲलर्जीचे आयजीई हे प्रतिपिंड त्यात अडथळा आणतात. अमेरिकेतील शहरी वस्त्यांतल्या मुलांना आयजीई रोखणारे ओमालिझुमॅब हे औषध दिले, तेव्हा शरद ऋतूत दरवर्षी उसळणारा दमा बराच आटोक्यात राहिला. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. विषाणू ॲलर्जी भडकवतो आणि ॲलर्जी विषाणूला मोकळीक देते, असे हे दुहेरी नाते आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. "पंपाची सवय लागेल", "मुलीच्या लग्नात अडचण येईल" असे म्हणून अनेक घरांत पंप लपवला जातो किंवा बरे वाटताच बंद केला जातो. आम्हाला हे स्पष्ट सांगायचे आहे की पंपाचे व्यसन लागत नाही. सूज कमी करणारे औषध त्यातून थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते. डॉक्टरांनी ते रोज घ्यायला सांगितले असेल, तर त्रास नसतानाही घ्यावे. सूज आधीच कमी असेल तर सर्दीचा तडाखाही कमी बसतो.

अँटिबायोटिकने विषाणू मरत नाहीत. ती मनाने आणून देऊ नयेत. हात धुवावेत. फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. दम्याच्या माणसाजवळ विडी-सिगारेट, अगरबत्ती, डासांची कॉइल पेटवू नये.

धाप लागून वाक्य पुरे बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप द्या आणि लगेच रुग्णालय गाठा. लोक काय म्हणतील यापेक्षा लेकराचा श्वास मोठा आहे.