भट्टीविना काच

अळवावरचे पाणी पानाला चिकटत नाही, हे मराठी माणसाला वाक्प्रचारातून जितके ठाऊक असते तितकेच परसातूनही. पानावर पडलेल्या थेंबाचा मोती होतो आणि पान किंचित कलले की तो वाटेतली धूळ गोळा करीत घरंगळून जातो. हाच गुण साध्या काचेला देता येईल काय, या प्रश्नावर सांगली जिल्ह्यातील जत येथे संशोधन झाले आहे. तेथील राजे रामराव महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात ‘सेल्फ क्लीनिंग रिसर्च लॅबोरेटरी’ उभी राहिली आणि तिचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. दुष्काळी तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जतमधील महाविद्यालयाला अशा विषयात पाऊल टाकता आले, याचे एक कारण संशोधकांची चिकाटी. दुसरे कारण त्यांनी वापरलेल्या पद्धतीतच आहे. ती म्हणजे सोल-जेल पद्धत.

काच म्हटली की भट्टी डोळ्यांपुढे येते. वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवून काच तयार होते. वाळूतील मुख्य घटक सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. सोल-जेल पद्धतीत हीच सिलिका वितळवावी लागत नाही, ती द्रवातून घडविली जाते. टेट्राएथॉक्सिसिलेनसारखे सिलिकॉनचे द्रवरूप संयुग अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात पाणी आणि थोडे आम्ल किंवा अल्कली घातली की त्याच्या रेणूंचे पाण्यामुळे विघटन होते. मग हे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन काही नॅनोमीटर आकाराचे कण बनतात आणि द्रवात तरंगत राहतात. हा झाला ‘सोल’. पुढे कणाला कण जोडला जाऊन भांडेभर जाळे विणले जाते आणि द्रव त्यातच अडकून पडतो. हे ‘जेल’. विरजण लागलेले दूध जसे आपल्यातील पाण्यासह थिजते, तसाच हा प्रकार. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एबेलमेन यांनी १८४६ च्या सुमारास ही किमया प्रथम पाहिली. तिचा पद्धतशीर उपयोग मात्र विसाव्या शतकात झाला.

जेल सुकविण्याच्या रीतीवर पुढचे सारे अवलंबून असते. ते तसेच वाळू दिले तर केशिकाबलामुळे जाळे आक्रसते आणि कठीण, सच्छिद्र खडे मिळतात. नव्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषण्यासाठी ठेवलेल्या पुडीत हेच सिलिका जेल असते. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर क्षेत्रफळ ६०० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे कबड्डीच्या चार-साडेचार मैदानांएवढे भरेल. जाळे आक्रसू न देता त्यातील द्रव काढून घेतला तर ‘एअरोजेल’ हाती येते. अमेरिकी संशोधक किस्लर यांनी १९३१ मध्ये उच्च दाब आणि तापमान वापरून ते साधले. या पदार्थाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ हवेचा असतो, त्यामुळे तो अतिशय हलका आणि उष्णता रोखण्यात अव्वल ठरतो. धूमकेतूची धूळ टिपून २००६ मध्ये पृथ्वीवर परतलेल्या ‘स्टारडस्ट’ यानाने ती धूळ एअरोजेलच्याच ठोकळ्यांत झेलली होती.

या विषयाचे दक्षिण महाराष्ट्रातील केंद्र कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. ए. वेंकटेश्वर राव यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या प्रयोगशाळेचे नावच ‘एअर ग्लास लॅबोरेटरी’, हवेच्या काचेची प्रयोगशाळा, असे होते. एअरोजेल सहसा ठिसूळ असते. या गटाने मिथाइलट्रायमेथॉक्सिसिलेन वापरून वाकविता येणारे, पाणी न शोषणारे एअरोजेल तयार केले आणि २००६ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. महागड्या कच्च्या मालाऐवजी स्वस्त सोडियम सिलिकेट घेऊन, उच्च दाबाच्या उपकरणाशिवाय साध्या वातावरणीय दाबाखाली जेल सुकविण्यावरही तेथे मोठे काम झाले. जिथे साधने मर्यादित असतात, तिथे ही वाट अधिक मोलाची ठरते.

लेपांसाठी तर एअरोजेल बनविण्याचीही गरज नसते. काचेची पट्टी सोलमध्ये बुडवून संथ गतीने वर काढली की तिच्यावर अतिशय पातळ थर बसतो. सौर पॅनेलच्या काचेवर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा सच्छिद्र सिलिकेचा लेप देण्याची प्रथा उद्योगात रूढ झाली आहे. उघड्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, तो या लेपामुळे बराच वाचतो. अळवाच्या पानाची नक्कल करायची तर आणखी दोन गोष्टी लागतात. एक, डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म खडबडीतपणा, आणि दुसरी, पाण्याला दूर ठेवणारे मिथाइल गट. दोन्ही साधले की थेंब पृष्ठभागाशी १५० अंशांहून मोठा कोन करून जवळजवळ गोल राहतो. मग काच जराशी कलली तरी तो धूळ घेऊन घरंगळतो.

उत्प्रेरकांच्या क्षेत्रात सिलिकेची तीच छिद्रे वेगळ्या कामी येतात. रासायनिक अभिक्रिया उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर घडते, म्हणून थोड्या धातूला अफाट पृष्ठभागावर पसरविणारा आधार हवा असतो. सिलिकेवर क्रोमियम ऑक्साइड बसविलेला उत्प्रेरक अमेरिकेत १९५१ मध्ये सापडला. घरातील बादल्या आणि डबे ज्या पॉलिएथिलीनचे बनतात, त्याचा मोठा वाटा आजही या कुळातील उत्प्रेरकांवर तयार होतो. सोल-जेल पद्धतीत धातूचे क्षार सोलमध्येच मिसळता येत असल्याने ते जाळ्यात सर्वत्र सारखे विखुरतात. घन उत्प्रेरक अभिक्रियेनंतर गाळून पुन्हा वापरता येतो, त्यामुळे सांडपाण्यात जाणारे आम्लही कमी होते. शिवाय सारे काही कमी तापमानाला घडत असल्याने उष्णतेने नष्ट होणारी विकरेसुद्धा या जाळ्यात कोंडून कामाला लावता येतात.

मग हे लेप अद्याप घरोघरी का दिसत नाहीत? अडचण टिकाऊपणाची आहे. ज्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे थेंब घरंगळतो, तोच बोटाच्या घासण्याने, वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूने आणि पावसाच्या माऱ्याने झिजतो. या दृष्टीने सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणजे निसर्गाने मांडलेली परीक्षाच आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर जतसारख्या भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. पहिल्या ठिकाणी लेप पाण्याच्या माऱ्यात टिकायला हवा. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न उलटा आहे. लेप स्वतः धूळ झटकत नाही, ती वाहून न्यायला थेंब लागतोच आणि कोरडे महिने धुळीचेच असतात. तेव्हा अशा भागात या लेपाकडून पॅनेल धुण्याची गरज संपण्याची अपेक्षा करू नये. धुण्यासाठी लागणारे पाणी कमी झाले तरी ते दुष्काळी तालुक्यात थोडके नाही.

कच्च्या मालाचा प्रश्न मात्र या पट्ट्याला अनुकूल आहे. दोन्ही जिल्हे साखर कारखान्यांचे, आणि कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते. ही राख कॉस्टिक सोड्यात उकळली की सोडियम सिलिकेट मिळते, त्यात आम्ल घातले की जेल. राखेतील इतर द्रव्ये वेगळी करण्याचा खर्च त्यात धरावा लागतो, परंतु मार्ग ज्ञात आहे.

भट्टी लागत नाही, म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयात ही काच घडू शकली. प्रयोगशाळेतील पट्टीवरून थेंब घरंगळला, एवढ्याने काम संपत नाही. लेप दिलेली आणि न दिलेली अशी दोन पॅनेल महाबळेश्वरच्या पावसात आणि जतच्या धुळीत वर्षभर शेजारी ठेवून मिळालेल्या विजेची आणि धुण्याला लागलेल्या पाण्याची नोंद व्हायला हवी. कोणताही लेप गच्चीवर किंवा शेतावर नेण्याजोगा आहे की नाही, हे त्या नोंदीवरूनच ठरेल.